खोदाई-भराईची माती मोजायचं मोबाइल अॅप: कशात चांगलं, कशात कच्चं

खड्डा किती, माती किती निघेल, भरायला किती लागेल, हे काढून देणारी अॅप आता ढिगाने झालीत. मी साइटवर रोज यातलंच एक वापरतो, आणि त्याच धाटणीची बाकीचीही बरीच चालवून बघितलीत. अॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सगळ्यांची मांडणी जवळपास सारखीच आहे, आकार निवडा, मापं टाका, घनमीटर घ्या. नावापेक्षा आत काय बघायचं ते कळलं तर तुमच्या फोनमधलं कुठलंही अॅप तुम्हालाच तपासता येईल, म्हणून ते लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. गुणाकार सगळ्याच अॅपना बरोबर येतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली यात कोणी चुकत नाही. फरक पडतो तो अॅप तुम्हाला काय विचारतं त्यात. जे अॅप फक्त तीन मापं विचारून एकच आकडा तोंडावर फेकतं ते माझ्या मते अर्धवट आहे, कारण मातीचा एकच आकडा कधी नसतोच.

म्हणजे असं बघा. जमिनीत बसलेली माती एक, खणून बाहेर काढलेली सुटी माती दुसरी, आणि भरून पाणी मारून रोलर फिरवल्यावर बसलेली माती तिसरी. वजन तेच, जागा मात्र तिन्ही वेळेला वेगळी. साधी माती खणली की साधारण २५ टक्के फुगते, वाळू-खडी कमी फुगते, १०-१५ टक्के, चिकण माती ३०-४० टक्के आणि फोडलेला खडक तर ५० टक्क्यांच्याही वर जातो कारण तुकड्यांमध्ये पोकळी राहते. आणि तीच साधी माती नीट दाबली की जमिनीत होती त्यापेक्षाही कमी जागेत बसते, १० टक्के वगैरे कमी. आता माझ्या अॅपमध्ये हे तीन रकाने शेजारी शेजारी दिसतात, जमिनीतली, सुटी, दाबलेली, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी हेच ठेवलं आणि बाकीची काढून टाकली.

उदाहरण घ्या, १०० घनमीटरचा खोलगट भाग भरून दाबून घ्यायचाय. एकच आकडा देणारं अॅप सांगणार १०० घनमीटर माती आणा. तुम्ही डंपरमध्ये मोजून १०० घनमीटर आणली, पण डंपरमधली माती सुटी असते ना, ती जमिनीत ८० होती आणि दाबल्यावर ७२ होणार. म्हणजे भराव चौथ्या भागापेक्षा जास्त कमी पडला आणि माती देणाऱ्याशी उगाच वाद, की तू कमी टाकलीस. त्याने बरोबर टाकलेली असते. १०० भरायचे तर दाबून १० टक्के कमी होणारी माती जमिनीतली १११ लागते आणि ती सुटी मोजली तर जवळपास १३९. माझं अॅप हेच १३९ दाखवतं, आणि ऑर्डर याच आकड्यावर द्यायची, १०० किंवा १११ वर नाही.

इथे एक बारीक गडबड काही अॅपमध्ये आहे ती तपासून घ्या. फुगवटा २५ टक्के टाका आणि सुटी माती १०० टाकून उलटं जमिनीतली किती विचारा. बरोबर उत्तर ८० आहे, कारण १०० भागिले १.२५. पण काही अॅप सरळ १०० मधून २५ वजा करून ७५ दाखवतात. ७५ दिसलं की ते अॅप बंद करा, पुढची मापं टाकायची गरज नाही.

आता तक्रार. माझ्या अॅपमध्ये फुगवट्याचा आकडा सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत लपवलाय आणि तो आधीपासून २५ वर लावलेला असतो. ज्याला माहीत नाही तो वाळूलाही २५ लावतो आणि मुरूम-खडकालाही २५. हे पहिल्याच पानावर यायला हवं, मातीचा प्रकार निवडल्याशिवाय पुढे जाऊच देऊ नये खरंतर. आणि यादीतून प्रकार निवडला तरी तो अंदाजच, कारण ओली-कोरडी, खडे किती, मुळं किती यावर बदलतं. यापेक्षा आपल्या मातीचा आकडा आपणच काढलेला बरा, आणि ते अजिबात अवघड नाही. साफ जागा बघून ३० सेंमी बाय ३० सेंमी बाय ३० सेंमीचा छोटा खड्डा कडा सरळ ठेवून खणा, तो झाला २७ लिटर. निघालेली सगळी माती, चिमूटभर न सांडता, मापाच्या बादलीत भरा, दाबायची नाही, हाताने ठोकायची नाही, वरून सपाट करायची. समजा ३४ लिटर भरली, तर ३४ भागिले २७, म्हणजे १.२६, फुगवटा २६ टक्के. कडा वाकड्यातिकड्या झाल्या तर खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरा आणि किती लिटर लागलं ते मोजा, खड्ड्याचं खरं माप मिळतं. मग तीच माती थोडी ओली करून थराथराने परत खड्ड्यात ठोकून भरा, वर किती जागा रिकामी राहते किंवा किती माती उरते त्यावरून दाबल्यावरचा अंदाजही येतो. हे हाताने ठोकलेलं असतं, रोलरचं नाही, तरी यादीतल्या २५ पेक्षा विश्वासाचं.

उताराचं आता. या अॅपमधला सगळ्यात चांगला भाग हाच आहे. खोल खड्ड्याच्या कडा उभ्या राहत नाहीत, माती ढासळते, आणि ढासळलेल्या मातीखाली माणूस सापडला तर बाहेर काढेपर्यंत वेळ नसतो. दीड मीटरच्या आसपास खोली गेली की कडांना उतार द्या नाहीतर आधार लावा असं बऱ्याच ठिकाणी नियमच सांगतो. तर उतार हा खड्ड्याचाच भाग आहे, तो मापात धरायलाच पाहिजे. तळ ४ बाय ६ मीटर, खोली २ मीटर. उभ्या कडा धरल्या तर ४८ घनमीटर. पण बाजूंना १ ला १ उतार दिला की वरचं तोंड होतं ८ बाय १०, आणि खरी खोदाई येते ९८.६७ घनमीटर, दुपटीहून जास्त! ज्याने ४८ धरून पोकलेनचे तास ठरवले त्याचं सगळं गणित कोलमडलं.

हे ९८.६७ कसं आलं ते लिहितो म्हणजे तुमचं अॅप ताडून बघता येईल. तळाचं क्षेत्रफळ २४, वरचं ८०, आणि बरोबर मधल्या खोलीवरचं ६ बाय ८ म्हणजे ४८. मधल्याला ४ ने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, २४ अधिक १९२ अधिक ८०, झाले २९६, त्याला खोलीने गुणून ६ ने भागायचं. काही अॅप नुसती तळाची आणि वरची सरासरी घेतात, मग १०४ येतं. पाच घनमीटरचा फरक, छोट्या कामात चालून जाईल, पण बाजू जितक्या तिरक्या तितका हा फरक वाढत जातो, आणि टोकदार आकारात तर सरासरीची पद्धत दीडपट दाखवते. माझ्या अॅपने ९८.६७ दिलं. तुमच्याने १०४ दिलं तर समजायचं की ते सरासरीवाल्या पद्धतीने चालतंय, फेकून द्यायची गरज नाही पण आकडा थोडा चढा आहे हे डोक्यात ठेवायचं.

फक्त उतार टाकायची खिडकी भयंकर गोंधळाची केलीय. तिथे नुसतं दोन आकड्यांचं गुणोत्तर आहे, पहिला आडवा की उभा हे कुठेही लिहिलेलं नाही. दीडास एक म्हणजे दीड मीटर बाजूला आणि एक मीटर खाली, की उलट? वेगवेगळे लोक वेगवेगळं लिहितात, त्यामुळे अॅपने छोटं चित्र काढून दाखवायलाच हवं. तोपर्यंत उपाय हा की खोली १ मीटर टाकून बघा आणि वरच्या तोंडाची रुंदी किती वाढली ते वाचा, एका बाजूला दीड मीटर वाढली तर पहिला आकडा आडवा आहे.

पायाच्या चरांसाठी वेगळा भाग दिलाय तो ठीक. चौकोनी इमारतीच्या चारही बाजूंचे चर बाहेरून बाहेरून मोजले की कोपरे दोनदा धरले जातात. मध्यरेषा १० आणि ८ मीटर, चराची रुंदी १, खोली १.२ असेल तर मध्यरेषेची एकूण लांबी ३६ आणि खोदाई ४३.२ घनमीटर. बाहेरची लांबी धरली तर ४० मीटर आणि ४८ घनमीटर. अॅप मध्यरेषा विचारतं, पण तसं मोठ्या अक्षरात सांगत नाही. आतल्या भिंतीचा चर बाहेरच्या चराला जिथे मिळतो तिथलं वजा करायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागतं, अॅप करत नाही. भरून घ्यायची माती काढताना पायाचं काँक्रीट, बांधकाम, पाइप यांनी व्यापलेली जागा खोदाईतून वजा करायची, ती सोय आहे, छान आहे, पाइपचा व्यास टाकला की गोल आकाराचं स्वतः काढतं.

आता ज्याच्यासाठी बहुतेक लोक अॅप घेतात ते, म्हणजे उंचसखल जागा सपाट करणं. इथे चार कोपऱ्यांची खोली घेऊन सरासरी काढणारी अॅप अक्षरशः फसवतात. १० बाय १० मीटरचा तुकडा, चार कोपऱ्यांना कटिंग, म्हणजे खणायची खोली, ०.५, ०.६, ०.७ आणि ०.८ मीटर. सरासरी ०.६५, म्हणजे ६५ घनमीटर. पण मध्ये उंचवटा असेल, मध्यभागी १.१ आणि चार बाजूंच्या मध्यावर ०.८, ०.८, ०.९, ०.९ असेल तर खरं उत्तर ८६.२५ येतं. आणि नऊ आकड्यांची सरळ सरासरी काढली तरी ७८.९ च येतात, कारण तुकड्याचे चार सारखे चौकोन पाडले की मधला बिंदू चारही चौकोनांना लागतो, बाजूचा दोन चौकोनांना आणि कोपऱ्याचा एकालाच, त्यामुळे मधल्याला चारपट वजन द्यावं लागतं आणि बाजूच्यांना दुप्पट. तुमच्या अॅपमध्ये ग्रिड, म्हणजे असे चौकोन पाडून प्रत्येक बिंदूची खोली टाकायची सोय, असेल तर हे नऊ आकडे टाकून बघा, ८६.२५ आलं तरच त्याच्यावर भरवसा ठेवा. माझ्यात आलं. पण ग्रिडचे बिंदू टाकणं म्हणजे हाल आहेत, एकेक आकडा वेगळ्या पानावर, मागे जायची सोय नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि मध्येच फोन आला की अर्धी ग्रिड गायब. त्यामुळे मोठी ग्रिड असली की मी सरळ वहीत रीडिंग लिहितो आणि संध्याकाळी एक्सेलमध्ये टाकतो, तिथे कॉपी-पेस्ट तरी होतं आणि सूत्र डोळ्यासमोर असतं.

ग्रिडमध्ये अजून एक तपासा, आणि हे फार महत्त्वाचं आहे. एकाच चौकोनात एका बाजूचे दोन कोपरे ०.४ ने उंच आणि समोरच्या बाजूचे दोन ०.४ ने खोल असतील तर सरासरी शून्य येते. अॅप म्हणतं काम शून्य. अरे पण १० बाय १० च्या त्या चौकोनात १० घनमीटर खणायचंय आणि १० घनमीटर भरायचंय, मशीनला डिझेल लागणारच आहे, माणसं राबणारच आहेत. शिवाय खणलेली १० माती दाबल्यावर ९ होणार, म्हणजे १ घनमीटर बाहेरून आणावी लागणार. चांगलं अॅप कटिंग वेगळं आणि भराव वेगळा दाखवतं. माझं दाखवतं, पण रिपोर्टच्या पहिल्या पानावर फक्त निव्वळ आकडा मोठ्या अक्षरात टाकतं आणि मालक तेवढंच वाचतो, मग समजावत बसा.

ढिगाचं माप पण दिलंय. ढीग शंकूसारखा धरायचा, परीघ टेपने घ्यायचा आणि उंची टाकायची. उंची म्हणजे उभी उंची, टेप ढिगाच्या अंगावरून टाकून आलेलं माप नाही. त्रिज्या २ आणि उंची १.५ मीटर असेल तर ६.२८ घनमीटर, पण अंगावरचं माप २.५ येतं आणि ते उंचीच्या जागी टाकलं तर १०.४७ दाखवतं. उंची काढायला ढिगाच्या टोकावर सरळ फळी आडवी धरा, वर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि फळीच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. आणि हे माप सुट्या मातीचं असतं, त्यामुळे दुसऱ्या रकान्यात टाकायचं. अॅप ते आपोआप पहिल्या रकान्यात टाकतं, ही सरळ सरळ चूक आहे आणि अपडेटमध्ये दुरुस्त व्हायला पाहिजे.

युनिटबद्दल थोडक्यात. घनमीटर, घनफूट, घनयार्ड सगळं आहे, ब्रास नाही, तो हाताने काढायचा, १०० घनफूट म्हणजे १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. क्षेत्रफळ चौरस फुटात आणि खोली इंचात टाकता येते हे बरं, १००० चौरस फुटावर ६ इंच भराव म्हणजे ५०० घनफूट म्हणजे ५ ब्रास. पण फूट-इंचाच्या जागी लोक ५ फूट ६ इंचाला ५.६ टाकतात आणि अॅप ते निमूट घेतं, खरं तर ते ५.५ आहे. दोन वेगळे चौकोन द्यायला हवे होते, एक फुटाचा एक इंचाचा.

फोनचा कॅमेरा फिरवून खड्डा स्कॅन करायची सोय नव्या आवृत्तीत आलीय. ज्या फोनमध्ये लायडार सेन्सर (लेझर प्रकाशाने अंतर मोजणारा) आहे, आयफोन १२ प्रोपासून पुढच्या प्रो मॉडेलमध्ये तो आहे, त्यात छोटा खड्डा किंवा छोटा ढीग बऱ्यापैकी येतो. त्याचा पल्ला ५ मीटरच्या आसपास, त्यामुळे मोठ्या प्लॉटला त्याचा उपयोग नाही, आणि खड्ड्यात पाणी साचलं असेल तर तळ मिळत नाही. सॅटेलाइट नकाशावरून जागेचं क्षेत्रफळ काढायला हरकत नाही, पण त्यावरची उंची घेऊन माती काढू नका, ती एवढी बारीक नसते.

कारण माती मोजताना सगळा खेळ खोलीचा आहे. ३० बाय २० मीटरचा प्लॉट, ६०० चौरस मीटर, लांबी मोजताना १० सेंमी इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही, पण खोलीत ५ सेंमी चुकलं की ३० घनमीटरचा फरक, तोही जमिनीतला, सुटी केली की ३७ च्या वर. त्यामुळे अॅपवर जेवढा वेळ घालवाल त्याहून जास्त डम्पी (लेव्हल बघायची दुर्बीण) आणि स्टाफवर (उभी धरायची मापाची पट्टी) घाला, डम्पी नसेल तर पाण्याची लेव्हल ट्यूब चालेल, फक्त ट्यूबमध्ये बुडबुडा राहू देऊ नका. स्टाफ नांगरलेल्या किंवा ताज्या भरावाच्या जागेवर धरला की दोन-तीन सेंमी आत रुततो, खाली चपटा दगड किंवा पत्र्याचा तुकडा ठेवला तर रीडिंग खरं येतं. वरचा झाडापाल्याचा, मुळांचा थर, बहुतेक ठिकाणी १५ सेंमीच्या आसपास, आधी काढून मग लेव्हल घ्यायची, कारण तो भरावात वापरत नाहीत, कुजून खाली बसतो. अॅपमध्ये या थरासाठी वेगळा रकाना नाही, मी तो स्वतंत्र खोदाई म्हणून टाकतो.

दाबाईबद्दल अॅप काही बोलत नाही आणि बोलूही शकत नाही. दाबलेल्याचा रकाना खरा ठरायचा तर माती २०-३० सेंमीच्या थरात टाकून, योग्य ओल ठेवून दाबायला हवी. ओल आणि दाबाईचं नातं अमेरिकी इंजिनियर राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडलं आणि आजही लॅबमध्ये त्यांच्याच नावाची टेस्ट करतात. एक मीटरचा थर एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर वरचं घट्ट आणि खालचं पोकळ राहतं, मग पहिल्या पावसात जमीन खचते आणि लोक अॅपला शिव्या घालतात.

घरचा खड्डा, टाकी, पायाचे चर, बागेचा भराव, छोटा प्लॉट, एवढ्यासाठी हे अॅप मी डोळे झाकून सुचवेन. रस्ता, कालवा, मोठं लेआउट असेल तर नको, तिथे सर्व्हेअरकडून आधीचा आणि नंतरचा पृष्ठभाग घेऊन सिव्हिल ३डी सारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांमधला फरक काढतात, तेच करून घ्या. पाच पैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला उताराच्या खिडकीसाठी, अर्धा ग्रिड गायब होते म्हणून, आणि अर्धा यासाठी की पीडीएफ रिपोर्टमध्ये कुठला फुगवटा धरला, दाबल्यावर किती टक्के कमी धरलं हे कुठेही छापून येत नाही. समोरच्याला नुसता १३९ दिसतो, तो कुठून आला ते कळत नाही, म्हणून मी रिपोर्ट पाठवताना खाली हाताने लिहून देतो: फुगवटा २५, दाबाई १०, माप सुट्या मातीचं.